माझ्या पोटातला खोकला

मी एक जुनी तबकडी आहे. काळी, ताटाएवढी गोल, मधोमध भोक असलेली. मित्रांनो, तुम्ही मला रेकॉर्ड म्हणता. माझ्या अंगावर केसाहून बारीक चर आहेत आणि त्या चरांत चार वादकांचं जॅझ आहे. शिवाय एक खोकला आहे. माझी सगळी कर्मकहाणी त्या खोकल्याची आहे. जॅझबद्दल वाचायला आला असाल तर आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम काळा लगदा दोन साच्यांमध्ये दाबला आणि मी झाले. त्या दिवशी माझ्यासारख्या शेकडो बहिणी जन्मल्या. मग मला पुठ्ठ्याचं कव्हर मिळालं. पुढे सॅक्सोफोनवाल्याचा फोटो, मागे बारीक अक्षरात माहिती. माहितीच्या शेवटी छापलं होतं की हा कार्यक्रम सभागृहात नोव्हेंबर महिन्यात ध्वनिमुद्रित झाला. माझ्याच अंगरख्यावरची ती ओळ पुढे एका माणसाच्या मुळावर उठली.

मी त्या सभागृहात नव्हते. माझ्यात जे कोरलंय तेवढंच मला ठाऊक. दुसऱ्या बाजूला पहिली धून संपते, टाळ्या थांबतात. सॅक्सोफोनवाला श्वास घेतो. तेवढ्यात लांबून कुणीतरी खोकतं. दोन छोटे खोकले, आणि तिसरा घशातच दाबलेला. मग 'खट्' असा आवाज, आणि संथ धून सुरू होते.

मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. त्यांच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी चार वाजता जॅझचे वेडे जमत. आधी घड्याळजी दुकानातली सगळी घड्याळं बंद करत, कारण टिकटिक मध्ये आलेली त्यांना खपत नसे. बैठक संपली की पुन्हा एकेक घड्याळ लावत बसत. बैठकीचा नियम एकच होता. रेकॉर्डची शिफारस करायची तर नुसतं 'छान आहे' म्हणून भागणार नाही. ती पहिल्यांदा कुठे ऐकली, तेव्हा काय चाललं होतं, तेही सांगायचं. मग ज्याला हवी त्याने ती आठवडाभर घरी न्यायची.

दवाखान्यातल्या सिस्टर एका ट्रम्पेटच्या रेकॉर्डबद्दल सांगत. सलग दोन पाळ्या करून त्या जिन्यात बसल्या होत्या आणि वरच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. "सकाळी उपाशीपोटी ऐका," असं त्या बजावत, जणू गोळीच लिहून देत होत्या. घड्याळजींनी आपली आवडती पियानोची रेकॉर्ड प्रथम भिंतीपलीकडून ऐकली होती. पलीकडे राहणारी मुलगी पुढे त्यांची बायको झाली.

आणि होते सर. कॉलेजात इतिहास शिकवत. कुठला वादक कुठल्या साली कुणाबरोबर वाजवत होता, हे त्यांना तोंडपाठ. मला कसं धरायचं ते सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. दोन तळव्यांत, फक्त कडेने. चरांना कुणाचं बोट लागलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. खरं सांगते, मला तेव्हा सर फार आवडायचे.

चौथे होते शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गळ्यात मोजपट्टी तशीच असायची, काढायची आठवण राहत नसे. त्यांच्याकडे स्वतःची एकही रेकॉर्ड नव्हती. कोपऱ्यात बसून ते ऐकत आणि शेवटी हळूच मला लावायला सांगत. दुसरी बाजू, फक्त. बाकीचे हसत. मास्तरांची गाडी एकाच स्टेशनावर थांबते, असं घड्याळजी म्हणत. मास्तरही हसत. पण माझ्यावर सुई टेकली की ते मान खाली घालत, आणि तो खोकला आला की डोळे मिटत. संगीत सुरू झालं की उघडत. चार नामवंत वादक माझ्या पोटात, आणि हा माणूस यायचा खोकल्यासाठी.

एका रविवारी सिस्टर म्हणाल्या की आज मास्तरांची पाळी, एवढ्या वर्षांत त्यांनी एकही आठवण सांगितलेली नाही. मास्तरांनी बरेच आढेवेढे घेतले. मग बोलले. त्यांचा मोठा भाऊ त्या सभागृहात दिव्यांचं काम बघायचा. छाती आधीपासून नाजूक. एका संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, आज ध्वनिमुद्रणाचं मशीन लावलं होतं आणि मी नेमका खोकलो, सगळं सभागृह वळून बघायला लागलं. त्यानंतर महिन्याभरात, मार्चमध्ये, तो गेला. सालही त्यांनी सांगितलं.

"त्याचा आवाज कुठेच नाही हो," मास्तर म्हणाले. "फोटो आहे एक, पण तो काही बोलत नाही. हा दादाच आहे. दोनदा खोकायचा आणि तिसरा गिळायचा. आणि खोकला झाला की..."

सरांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. ते माझं कव्हर घेऊन उभे होते.

"मास्तर, भाऊ मार्चमध्ये गेले म्हणालात ना? हा कार्यक्रम त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला आहे. हा खोकला त्यांचा असूच शकत नाही. मशीन काय, कितीदा तरी लावत असतील."

मास्तरांनी कव्हर हातात घेतलं. ती ओळ दोनदा वाचली. छापलेलं म्हणजे त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

"छापलंय म्हणजे बरोबरच असेल," ते म्हणाले. गळ्यातली मोजपट्टी काढून त्यांनी तिची नीट गुंडाळी केली, खिशात ठेवली आणि उठले. सिस्टर सरांवर चिडल्या. सर म्हणाले, इथे आपण खरं तेच बोलतो. घड्याळजी घड्याळं लावायला उठले. आणि मी? खोकल्यानंतरचा तो 'खट्' म्हणजे दिव्याचं बटण, हे मास्तर आता सांगणारच होते. ते माझ्या पोटात स्पष्ट ऐकू येत होतं. पण मी फक्त वाजू शकते, बोलू शकत नाही. मास्तर पुन्हा आले नाहीत.

अकरा वर्षं गेली. एका ग्रंथालयात जुने कागद चाळताना सरांना त्या सभागृहाची कार्यक्रमपत्रिका सापडली. तेच चार वादक, त्याच धुना, त्याच क्रमाने. तारीख फेब्रुवारीची. नोव्हेंबरात मी नुसती बाजारात आले होते, छापणाऱ्याने दोन्हींची गल्लत केली होती. सरांना आनंद झाला. त्यांनी यावर लेख लिहिला, अभिनंदनाची पत्रं आली, ती त्यांनी बैठकीत वाचून दाखवली. सिस्टरनी विचारलं, मास्तरांना कळवलंत का? सांगू की, घाई काय आहे, असं ते म्हणाले. लेखात खोकल्याचा शब्दही नव्हता.

आठ महिने वाट बघून शेवटी सिस्टरच मास्तरांना घेऊन आल्या. ते वाळले होते. मोजपट्टी गळ्यात होती. घड्याळजींनी घड्याळं बंद केली. सरांनी मला कडेने धरलं, फुंकर मारली आणि सुई टेकवली.

आयुष्यात पहिल्यांदा मी जीव ओतून खोकले. दोन छोटे, तिसरा दाबलेला. मग खट्. सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. मास्तरांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"असेल," ते म्हणाले. "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

"पण तुम्हाला काय वाटतं, मास्तर?" सिस्टरनी विचारलं.

"सिस्टर, हा दादा नाही, दुसराच कुणीतरी खोकतोय, असं अकरा वर्षं स्वतःला समजावलं. कान उघडे ठेवून समजावलं. आता दादा कसा खोकायचा तेच आठवत नाही."

सरांनी सुई उचलून बाजूला ठेवली. मास्तरांनी चहा घेतला, सगळ्यांचे आभार मानले आणि ते गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते वारले, असं मी ऐकलं.

आता घड्याळजीही नाहीत. मी सरांच्या काचेच्या कपाटात असते. कव्हरवर खरी तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे, पाहुण्यांना ती दाखवतात. मला वाजवत मात्र नाहीत. माझ्या अंगावर एक ओरखडा नाही. तो खोकला आजही जसाच्या तसा आहे, फक्त त्याला ओळखणारं कुणी उरलं नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला फार जपलं गेलं. पण कुणी तुमच्याजवळ बसून म्हणालं की हा माझ्या दादाचा आवाज आहे, तर माझं कव्हर बघायला उठू नका. त्याचं बोलणं आधी पुरं होऊ द्या.