पट्टी नसलेले पान

मित्रांनो, मी न्यायनिवाड्यांचा एक जुना खंड आहे. पाने सहाशे चोवीस, वजन दोन किलोला थोडे कमी. पाठीवर सोनेरी आकडे होते, त्यांतला शेवटचा आता अर्धाच उरला आहे. वरच्या न्यायालयाने एका वर्षात दिलेले निवाडे माझ्यात छापलेले आहेत. कोणाची भिंत, कोणाची नोकरी, कोणाचे मूल. माणसे भांडली, न्यायाधीशांनी विचार करून उत्तर दिले आणि ते उत्तर पुढच्या माणसांच्या कामी यावे म्हणून मला बांधले गेले.

माझ्यात एक उणीव आहे, ती आधीच सांगतो; प्रामाणिक पुस्तकाने सांगायलाच हवे. माझे ज्ञान एका तारखेला थांबले आहे. मी छापखान्यातून बाहेर पडलो, त्यानंतर काय घडले ते मला ठाऊक नाही. वरचे न्यायालय पुढे स्वतःचेच मत बदलू शकते. त्याला वकील ‘निवाडा फिरला’ असे म्हणतात. पण फिरलेला निवाडासुद्धा माझ्या पानावर पूर्वीसारखाच छाती काढून उभा असतो. शाई फिकी होत नाही, कागद चुरगळत नाही. वाचणाऱ्याला काही कळायला मार्गच नसतो.

म्हणून आमच्या कचेरीत पट्टीची पद्धत होती.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांची. मालकीणबाई वकील होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांचे जुने कारकून म्हणजे डिंककाका. नवा खंड आला की काका तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळत. त्यात एखादा जुना निवाडा फिरवलेला आढळला, की करंगळीएवढी रुंद कागदाची पट्टी कापत, तिच्यावर लाल शाईने ‘फिरला, अमुक खंड, अमुक पान’ असे लिहीत आणि जुन्या खंडातल्या त्या पानावर डिंकाने चिकटवत. माझ्या अंगावर अशा एकोणीस पट्ट्या होत्या. मला त्यांचा अभिमान वाटे. दर पट्टीमागे कोणीतरी मला आठवणीने खाली काढले होते, उघडले होते, पुढची बातमी सांगितली होती.

आणि कचेरीचा नियम तोंडपाठ होता : पट्टी नाही, म्हणजे पान जिवंत.

त्या वर्षी मोठ्या बाईंकडे एक नवी मुलगी काम शिकायला आली. हुशार होती, पण पायाला भिंगरी आणि पेनाला त्याहून मोठी भिंगरी. काकांनी चौथ्याच दिवशी तिचे नाव घाईबाई ठेवले.

“घाईबाई, जिना मोजून चढत जा. खंड कुठे पळून जात नाहीत.”

“काका, खंड नाही पळत, तारीख पळते!”

तिच्या हाती पहिलेच काम आले ते शिवणवाल्या मावशींचे. मावशी सव्वीस वर्षे एका भाड्याच्या खोलीत राहत होत्या आणि तिथेच खिडकीपाशी मशीन टाकून लोकांचे कपडे शिवत होत्या. घरमालकाचे म्हणणे असे, की खोली राहायला दिली होती, धंदा करायला नव्हे. तेव्हा खाली करा. मावशींना दुसरीकडे जायला जागा नव्हती. त्या कचेरीत आल्या तेव्हा पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

“पोरी, मला कायदा नको समजावू. एवढंच सांग, मशीन ठेवायचं का खोली?”

“दोन्ही ठेवायचं, मावशी,” घाईबाई म्हणाली.

मोठ्या बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिले.

घाईबाईने सूचीत ‘भाडेकरू’ हा शब्द काढला, त्याखाली ‘वापरात बदल’ काढले आणि थेट माझ्या तीनशे अठराव्या पानावर येऊन थांबली. तिथे एका घड्याळे दुरुस्त करणाऱ्याचा निवाडा होता. ‘घरात केलेला कोणताही हातव्यवसाय हा वापरातील बदल नव्हे.’ असे वाक्य लाखात एक मिळते. ती आनंदाने टेबलावर चापट मारून उठली. ती चापट मला लागली, पण मला ती शाबासकीसारखीच वाटली. कितीतरी महिन्यांत मला कोणी उघडले नव्हते. आपल्यावाचून कोणाचे अडावे, ही इच्छा पुस्तकालाही असते, मित्रांनो.

तिने चौदा पाने लिहिली. मोठ्या बाईंनी ती वाचली आणि विचारले, “हा निवाडा अजून जिवंत आहे?”

“पट्टी नाहीये, बाई.”

“पट्टी कोण लावतं?”

“काका.”

“आणि काका गेले अकरा महिने काय करतायत?”

घाईबाईचा चेहरा उतरला. काकांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पिकले होते. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, दुसऱ्याची व्हायची होती. बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हते आणि नवे चार खंड सुतळीने बांधलेले त्यांच्या टेबलाखाली तसेच पडले होते. सगळ्यांनाच हे माहीत होते. पण पट्टी नसण्याचा अर्थ त्यामुळे बदलला आहे, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

घाईबाईने सुतळी सोडली. पहिल्या खंडात काही नव्हते. दुसऱ्यातही नव्हते. तिसऱ्याच्या मध्यावर ती थांबली, मग खुर्चीत मागे टेकून बसली. माझा तीनशे अठरा चार महिन्यांपूर्वीच फिरला होता.

काका दारात उभे होते. “माझी चूक आहे ही,” ते हळूच म्हणाले.

“नाही, काका. तुमचं काम तुम्ही केलं नाहीत हे मला दिसत होतं. माझं काम मीही केलं नव्हतं, ते दिसलं नाही.”

सुनावणीला पाच दिवस होते. तिने मोठ्या बाईंना विचारले, “समोरच्यांना हे माहीत नसेल तर?”

“मग न्यायाधीशांना आपण फसवून जिंकू. आणि मावशींची खोली फसवणुकीवर उभी राहील. किती दिवस राहील, तू सांग.” मग जरा नरमाईने म्हणाल्या, “अगं, फिरला म्हणतेस, पण कुठपर्यंत फिरला? तू वरचा सारांश वाचलास. तो छापणाऱ्यांनी लिहिलेला असतो. न्यायाधीशांनी काय लिहिलंय ते वाच. सगळं.”

दुसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघांना शेजारी शेजारी उघडून ठेवले, मला आणि त्या नव्या खंडाला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्याच्या पानांना अजून छापखान्याचा वास होता. नव्या निवाड्याने माझे ‘कोणताही’ खोडून काढले होते. प्रत्येक खोलीचा विचार वेगळा करा, असे त्याचे म्हणणे होते : माणूस तिथे राहतो का, किती जागा कामाला जाते, नोकर आहेत का. पण माझ्या निवाड्यातला एक परिच्छेद त्याने जसाच्या तसा राखला होता. ‘एखादी जागा घर आहे की नाही, हे तिथे काय विकले जाते यावरून नव्हे, तर विकणारा माणूस कुठे झोपतो यावरून पाहावे.’

माझे एवढेच उरले होते. पण उरले होते.

मग घाईबाई फूटपट्टी नव्हे, चांगली लांब मोजपट्टी घेऊन मावशींकडे गेली. परत येऊन तिने लिहायला घेतले. मोठ्या बाई शेजारी बसून खोडत होत्या.

“पहिल्या ओळीत प्रश्न लिही. दुसऱ्या ओळीत आपलं उत्तर. न्यायाधीशांना रहस्यकथा वाचायची नसते, निकाल लिहायचा असतो.”

“खोली एकशे चाळीस चौरस फूट. मशीन आणि स्टूल मिळून नऊ. नोकर नाही. पलंग, स्टोव्ह, देवळी... बाई, दारावर एक पाटी आहे. ‘कपडे शिवून मिळतील.’ ती लिहू?”

“तुला काय वाटतं?”

“नको वाटतं.”

“म्हणूनच लिही. अडचणीची गोष्ट आपण सांगितली तर ती माहिती असते. समोरच्याने सांगितली की तो पुरावा होतो.”

चौदा पानांची चार झाली.

सुनावणीला मला कापडात बांधून नेले. घरमालकाचे वकील खणखणीत आवाजाचे होते. उभे राहिले आणि म्हणाले, “समोरची बाजू घड्याळवाल्याच्या निवाड्यावर विसंबणार. तो फिरलेला आहे, हे मी निदर्शनास आणतो.”

न्यायाधीशांनी पान उलटले. “ते त्यांनीच लिहिलंय. पहिल्या पानावर. तुम्ही वाचलं नाहीत का?”

वकील खाली बसले. मग न्यायाधीशांनी मूळ परिच्छेद पाहायला मागितला आणि मी त्यांच्या हातात गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला. मित्रांनो, तेवढा वेळ मी उभ्या आयुष्यात विसरणार नाही.

तीन आठवड्यांनी मावशी कचेरीत आल्या. या वेळी खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या. “खोली राहिली, वकीलबाई! पाटी तेवढी काढायला लावली. असू दे. गिऱ्हाईक काय पाटी वाचून येतं? शेजारणीची कॉलर बघून येतं.”

त्याच दुपारी घाईबाईने तीनशे अठराव्या पानावर स्वतः पट्टी चिकटवली. ‘फिरला, परिच्छेद सात मात्र कायम.’ डिंक इतका जास्त झाला, की पुढचे पानही चिकटले. काका एका डोळ्याने बघून म्हणाले, “वकिली जमेल तुला. हे नाही जमणार.”

ती माझी विसावी पट्टी. शेवटचीही तीच.

पुढे घाईबाई दुसऱ्या गावी गेली. काका थकले. मोठ्या बाई गेल्या. कचेरी त्यांच्या भाच्याने घेतली. तो सगळे संगणकाच्या पडद्यावर शोधतो आणि झटपट शोधतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्हाला त्याने त्याच्या खुर्चीमागच्या कपाटात ओळीने लावले आहे, कारण पडद्यावर बोलताना पाठीमागे पुस्तके शोभून दिसतात. मी वरून तिसऱ्या फळीवर. माझ्या पाठीवरची धूळ नियमित पुसली जाते. पण अकरा वर्षांत माझ्या कोणत्या पानाचे काय झाले, ते मला कोणीच सांगितलेले नाही. कधी कधी वाटते, कोणीतरी यावे, मला टेबलावर पालथे न घालता सरळ उघडावे आणि एकेक पान दाखवून म्हणावे : हे राहिले, हे गेले. गेलेले ऐकूनही मला बरे वाटेल.

गेल्या मंगळवारी एक शिकाऊ मुलगी आली. पडद्याचे जाळे, म्हणजे इंटरनेट, बंद पडले होते. तिने मला ओढून काढले आणि पाचशे दोन पान उघडले. एका बापाला त्याचे मूल आठवड्यातून किती दिवस भेटावे, याचा तो निवाडा आहे. तिने पानाचा फोटो काढला, “मिळालं, मिळालं!” असे फोनवर कोणाला तरी सांगितले आणि मला मिटून निघून गेली. पानावर पट्टी नव्हती. ती नसण्याचे कारण तिला कोणी सांगितले नव्हते, आणि मला बोलता येत नाही.

मित्रांनो, ते पान जिवंत आहे की नाही, मला खरोखरच माहीत नाही. तो फोटो घेऊन ती आता कोणत्या तरी बापासाठी लिहीत बसली असेल. ती तुम्हाला भेटली, तर तिला एवढेच विचारा : “यानंतर काय झालं, ते पाहिलंस का?”