अंगठी तालावर वाजली तेव्हा

मी एक जुना मायक्रोफोन आहे, मित्रांनो. आणि मला हळुवारपणे पुसणाऱ्या प्रत्येक हाताचा मला संशय येतो.

कारखान्यात माझी जाळी विणली गेली, आणि पुढे चाळीस वर्षे मी एकाच बाईंचा झालो. त्या जॅझ आणि सोल गात. शब्दाआधी त्यांची ऊब माझ्यापर्यंत पोहोचे. गाताना त्यांचा उजवा हात माझ्या मानेवर असे आणि बोटातली अंगठी माझ्यावर टकटक वाजे. ध्वनिमुद्रक कपाळाला हात लावी. लोकांनी मात्र त्या टकटकीसकट बाईंना डोक्यावर घेतले. बाई गेल्या आणि मी लेकीच्या कपाटावर धूळ खात पडलो.

परवा रेकॉर्ड कंपनीचे साहेब आले. त्यांनी मला रुमालाने पुसले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाईंचे एक अप्रकाशित गाणे सापडले आहे, आवाज आईचाच असल्याचे लेकीने लिहून द्यावे, असे ते म्हणत होते. कुठे सापडले, हे मात्र तीनदा विचारूनही त्यांनी सांगितले नाही.

गाणे लागले. तोच खरखरीत गोडवा, तीच टकटक. लेकीचे डोळे भरून आले. तिने पेन उचलले.

बाईंच्या साथीला जन्मभर सॅक्सोफोन वाजवलेले मामा कोपऱ्यात चहा गार करत बसले होते.

"थांब गं. अंगठी ऐक. बरोबर तालावर पडतेय."

"मग चांगलंच आहे की, मामा."

"तिथंच तर घोडं पेंड खातंय. तुझी आई तालाला ताटकळत ठेवायची. आम्ही पुढे, ही आपली मागून डुलत येणार. जन्मात कधी वेळेवर आली नाही, मेल्यावर कुठली शिस्त लागायला?"

साहेबांनी हसून मामांच्या वयाचा विषय काढला. लेकीने टेबलावर बोटाने ताल धरून गाणे पुन्हा ऐकले. प्रत्येक टक नेमकी बोटाखाली येत होती. तिने पेनाला टोपण लावले.

"आईचं आणखी एक गाणं मला हवं होतं हो," ती म्हणाली. "पण हे तिचं नाही."

मित्रांनो, एक कबुली देतो. बाईंचा श्वासन्‌श्वास मी ऐकलेला. तरी पहिल्या ओळीला मीही विरघळलो होतो. आठवणीने व्याकूळ झालेले कान लवकर फितूर होतात. गेलेल्या माणसाचा आवाज जपायचा असेल, तर दारातून येणाऱ्या परक्यावर नजर ठेवाच. पण त्याआधी, ज्या ओढीने तुम्ही दार उघडता, तिच्यावर ठेवा.