गरम पायाचा नियम

शनिवारी सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे तबेल्यातल्या प्रत्येक घोड्याच्या पायांवरून तळवा फिरवला. शर्यतीचे घोडे तयार करताना तीस वर्षं त्यांचा एकच नियम होता: पाय गरम लागला की तो घोडा पळणार नाही. कपाटभर करंडक त्या नियमानंच मिळवून दिलेले. त्या दिवशी त्यांनी दुपारच्या शर्यतीतून आमची सगळ्यात वेगवान घोडी मागे घेतली.

घोडीचा मालक फोनवर ओरडला, "अहो, जरासा कोमट तर आहे!"

"कोमट चहा असतो, साहेब. पाय नसतो."

मग पालथ्या बादलीवर बसून त्यांनी बूट काढला. डावी पोटरी टम्म सुजलेली. मी हात लावला तर चटका बसला.

"डॉक्टरकडे जाऊ या."

"कशाला? मला काय डर्बी पळायचीय?"

पोटरीवर त्यांनी गार पाण्याचा पाइप धरला, वरून घोड्याची पट्टी करकचून आवळली आणि कामाला लागले. अशा पायाचा घोडा त्यांनी आठवडाभर ठाणावरून हलू दिला नसता.

मी गप्प बसले. पंधरा वर्षांची असताना एका मालकासमोर मी म्हटलं होतं, "बाबा, तुमचं चुकतंय, या घोड्याचा पाय गरम आहे." तो गरमच निघाला. बाबा अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट दोनदा सांगायची मी सोडून दिली.

रविवारी घोड्यांचा सराव बघता बघता ते कठड्यापाशी कोसळले आणि जागीच गेले. पोटरीतली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले.

चार दिवसांनी भेटायला आलेल्यांनी घर भरलं. घोडीचा तोच मालक आमच्या सोफ्यावर बसून सांगत होता, "देवमाणूस! मुक्या जनावराचं दुखणं नुसत्या हातानं ओळखायचे." जॉकी माना डोलावत होते. मग तो माझ्याकडे वळला. "नशीबवान आहेस, पोरी. केवढं शिकलीस त्यांच्याकडून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शिकले ना. गप्प बसायला शिकले."

"अगं, काय बोलतेस हे?" आई म्हणाली.

"त्यांची पोटरी तापली होती. माझ्या हाताला कळलं होतं. एकदा म्हटलं, त्यांनी उडवून लावलं, आणि मी तोंड शिवून घेतलं. चाळिशीला आले तरी मी त्यांना घाबरत होते, आई. आणि तूही."