लेखक कोणावर चिडलाय?

अराबाच्या डोक्यात एकदा शिरलेलं वाक्य पुन्हा बाहेर जात नसे, आणि त्यानेच तिचा घात केला. चर्चमधल्या पाठांतराच्या स्पर्धा तिने लहानपणापासून जिंकल्या होत्या. समुद्रकाठच्या केप कोस्ट शहराजवळ अध्यापक महाविद्यालयात आल्यावरही ती ‘घोका आणि ओका’ याच मंत्रावर दिवस काढत होती. मग आकलनाच्या पेपरात अनोळखी उतारा आला, आणि अराबाबाईंनी प्रत्येक प्रश्नाखाली उताऱ्यातलीच वाक्यं जशीच्या तशी उतरवली. नापास! आता फेरपरीक्षेतही गचकली, तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं.

परीक्षा जवळ आली तसं तिला एका जागी बसवेना. खोलीभर येरझारा, हातात जुने उतारे आणि अखंड हलणारे ओठ.

“बस गं बाई खाली! मला गरगरायला लागलं,” तिच्या खोलीतली झिफा ओरडली. “काय वाचलंस ते सांग.”

अराबाने अख्खा परिच्छेद धडाधड म्हणून दाखवला.

“अगं पोपटा, म्हणू नकोस. सांग!”

“मग आत्ता काय केलं?”

“बरं, ते राहू दे. काल मेसमध्ये वॉर्डन मॅडमचं आणि शेजारच्या खोलीतल्या एनामचं काय वाजलं?”

अराबा चटकन खाटेवर मांडी ठोकून बसली. मॅडम आधी गोड का बोलल्या, खरा राग कशाचा होता, एनामने कुठे माघार घेतली, सगळं कारणांसकट सांगून झालं. ताटातले केंकीचे मक्याचे गोळे आणि मासा गार होईपर्यंत बाई थांबली नाही.

झिफाने पुस्तक तिच्या मांडीवर आपटलं. “आता हा लेखक म्हणजे वॉर्डन मॅडम समज. काय बोलतोय? का बोलतोय? चिडलाय कोणावर? मग पुस्तक मीट आणि मला अशाच चहाड्या सांग.”

सोपं नव्हतं ते. अराबा चुकली, रडली, एकदा तर तिने पुस्तक झिफाच्या अंगावर भिरकावलं.

परीक्षेत उतारा आला मासेमारीबंदीवर. पहिल्या दोन परिच्छेदांत बंदीचं तोंडभर कौतुक. अराबाचे ओठ सवयीने हलायला लागले, तशी तिने ते दाताखाली धरले. हा बाबा इतका गोड का बोलतोय? तिसऱ्या परिच्छेदात सापडलं. कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याला बांधलेल्या, आणि मोठी जहाजं खोल पाण्यात मोकाट. तिने लिहिलं, ‘हे कौतुक खरं नाही. लेखक चिडलेला आहे.’

बाहेर आल्यावर मात्र तिने इतरांची उत्तरं ऐकली. जो तो म्हणत होता, लेखक बंदीच्या बाजूने आहे. आपण एकट्याच शहाण्या कशा? ती पायऱ्यांवर वरखाली करत राहिली. झिफाने हात धरला, तो तिने झटकून टाकला.

तेवढ्यात आकलन शिकवणारे अन्सा सर बाहेर आले. पोरांनी त्यांना घेरलं. “सर, लेखक बंदीच्या बाजूनेच ना?”

“शेवटपर्यंत कोणी वाचलंच नाही का रे?” सर कपाळाला हात लावून म्हणाले.

अराबाला राहवेना. “सर, तो चिडलाय. आधीचं गोड बोलणं म्हणजे नुसता चिमटा होता.”

“बरोबर! कसं ओळखलंस?”

“आमच्या वॉर्डन मॅडम अशाच बोलतात, सर.”

सर खो खो हसले. “हे त्यांच्यासमोर बोलू नकोस.”

अराबा तिथेच पायरीवर बसली. कितीतरी दिवसांनी तिला एका जागी बसता आलं होतं.