निंबीफाट्यावरचा हिरवा दिवा

मित्रांनो, यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना निंबीफाटा लागतो. तिथे एसटीच्या निवाऱ्याशेजारी, कडुलिंबाची सावली जिथे संपते तिथे, छातीइतक्या उंचीचा एक पत्र्याचा खांब तुम्हाला दिसेल. तोच मी, गाड्यांना वीज देणारा जुना चार्जिंगचा खांब. वयाने म्हणाल तर मी फार जुना नाही. माझ्या मागच्या निवाऱ्याने माझ्यापेक्षा कितीतरी जास्त उन्हाळे सोसले आहेत. पण माणूस काय आणि वस्तू काय, नुसत्या वर्षांनी म्हातारी होत नाही. आपली काळजी घेणारं माणूस गेलं की होते. माझं तसंच झालं.

माझा जन्म चाकणकडच्या एका कारखान्यात झाला. एका ओळीत उभी असलेली आम्ही सगळी भावंडं एकसारखी होतो. कोण नाशिकला गेलं, कोण लातूरला, कोण कोकणात. राज्यभर गाड्या विजेवर चालवायच्या, धूर कमी करायचा, गावोगावी आमच्यासारखे खांब उभे करायचे, असं ठरलं होतं. माझ्या वाट्याला हा फाटा आला. टेम्पोतून उतरलो तेव्हा चहूकडे कपाशी फुटलेली होती आणि जमीन काळीभोर होती. मला वाटलं, नशीब चांगलं आहे.

मला उभं केलं ते दारव्ह्याच्या मोईनने. हाताचा हलका आणि जिभेचा गोड माणूस. त्याने माझ्या पायाशी एक खोल खड्डा खणला, त्यात धातूची पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ घातलं, वर माती दाबली आणि छोटं सिमेंटचं झाकण बसवलं. झाकणाच्या मधोमध पाणी ओतायला भोक ठेवलं. त्याला अर्थिंगचा खड्डा म्हणतात. वीज कधी वाट चुकली तर ती माणसाच्या अंगात न शिरता जमिनीत जिरावी, म्हणून ही सोय. पण जमीन ओलसर असेल तोवरच ती मला धरून ठेवते. कोरडी पडली की तिचा हात सुटतो. मग कोणाला धक्का बसू नये म्हणून मी आपणहून बंद होतो आणि लाल दिवा लावतो. मला घडवतानाच ही शिकवण माझ्या पोटात घातलेली आहे.

निवाऱ्यापाशी चंदाबाई पेरू आणि बोरं विकायला बसत. कपाळावर मोठं कुंकवासारखं गोंदण, गळ्यात तुळशीची माळ, आणि आवाज असा की शेजारच्यालाही कान द्यावा लागे. मोईन हत्यारं आवरता आवरता त्यांना म्हणाला, "मावशी, एक काम करान का? इथं रोज तांब्याभर पानी टाकत जा. आपली काळी माती उन्हात तडकते. माती तडकली का याची तब्येत बिघडन."

"रोज?"

"रोज टाकलं तं बेस होईन."

"मंग मी नेमच धरतो बाप्पा," चंदाबाई म्हणाल्या. मोईन हसला. त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या लेखी नेम म्हणजे नेम.

मित्रांनो, एवढंच बोलणं झालं, आणि तेव्हा तिथे तिसरं कोणी नव्हतं. उद्घाटनाला मोठी माणसं आली, फीत कापली, भाषणं झाली, पेढे वाटले. त्या भाषणांत खड्ड्याचं नाव कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चंदाबाई पहाटे देव धुऊन, तांब्यात पाणी घेऊन फाट्यावर येऊ लागल्या. झाकणाभोवतीची जागा झाडत, रांगोळीची दोन बोटं ओढत, हळद-कुंकू वाहत आणि पाणी ओतत. ओतताना पुटपुटत, "कळंबच्या चिंतामणीच्या पायाशी पानी खालून चढते म्हन्तात. तुह्या पायाशी मी वरून टाकतो. सांभाळ रे बाबा माह्या सुनेले." पाणी घातल्याखेरीज त्या तोंडात घास घालत नसत. एकादशी असो, ताप असो, नेम चुकला नाही.

कारण त्यांच्या सुनेची, समीक्षाची, सगळी भिस्त माझ्यावर होती. मुलगा सुनील राजूरला कोळशाच्या खाणीवर कामाला. सुटी मिळाली तर घरी यायचा. इकडे गावातल्या बचत गटाला विजेवर चालणारी एक रिक्षा मिळाली आणि ती चालवायला समीक्षा पुढे झाली. गटाच्या अध्यक्ष विमलताई सरळ बाई. चावी देतानाच त्यांनी सांगितलं होतं, "गाडी गटाची आहे बरं. फिरली पाहिजे. उभी रायली तं दुसऱ्या गावच्या गटाले द्यावं लागते, तसं लिहूनच आलं आहे. मंग मले बोल लावू नको."

"उभी कायले राहीन?" समीक्षा म्हणाली होती.

आणि खरंच ती गाडी उभी राहिली नाही. दारव्ह्याच्या बाजाराला जाणाऱ्या बाया, दवाखान्याचे म्हातारे, परीक्षेच्या पोरी, सगळ्यांना घेऊन ती हिरवी रिक्षा रस्त्याने सळसळत जायची. तिच्या काचेवर चंदाबाईंनी हळदीचं स्वस्तिक काढलं होतं. दुपारी समीक्षा माझ्याजवळ गाडी लावायची, वायर जोडायची आणि निवाऱ्यात सासूशेजारी बसून भाकरी खायची. मी मनापासून वीज द्यायचो. तेव्हा माझा हिरवा दिवा दूरच्या वळणावरूनही दिसे.

फाट्यावर किसनरावांची काळी-पिवळी जीप उभी असे. त्यांना ही नवलाई सुरुवातीला पटली नाही.

"काय वं सूनबाई, पोट भरलं का तुह्या म्हशीचं? आमच्या जीपले डिझेल टाकलं का निंघाली. तुही म्हैस बसली आपली रवंथ करत."

"करू द्या ना काका. तुमची जीप गावातून गेली तं अर्धं गाव खोकलते. माही म्हैस गेली ते कोंबडीले बी समजत नाही."

निवाऱ्यातली माणसं हसायची. किसनरावही हसायचे. पुढे त्यांच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा टाके उसवतील या धास्तीने ते जीप सोडून समीक्षाकडेच आले. परत आल्यावर माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणाले, "नाही लेका, आहे तुह्यात दम." मित्रांनो, कोणी कौतुक केलं की पत्र्यालाही बरं वाटतं.

समीक्षा एकदा सासूला म्हणाली, "आई, देवाचं पानी तुयशीले टाकता ते समजते. या खांबाले काहून टाकता?"

"माहा नेम आहे तो. नेमाले काहून म्हनू नाही."

संकल्प बोलून दाखवला की त्याचं फळ ओसरतं, असं चंदाबाई मानत. मोईनचा निरोप त्यांच्या संकल्पात मिसळून गेला आणि ओठांआडच राहिला. समीक्षाने पुन्हा विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बरं, लगीनसराई सरली का तुमाले कळंबले नेतो. चिंतामणीलेच सांगा मंग काय सांगायचं ते."

"ने वं माय. तुह्याच गाडीत नेजो."

लगीनसराई सरली नाही. चैत्र संपता संपता चंदाबाईंना उन्हाची झळ लागली आणि त्या अंथरुणाला खिळल्या. शेवटचे काही दिवस त्यांच्या सांगण्यावरून समीक्षाच तांब्या आणून ओतायची, घाईघाईत, डोळे पुसत. मग एका सकाळी कोणीच आलं नाही. निवाऱ्यातली माणसं टोप्या काढून उभी होती. किसनरावांनी त्या दिवशी जीप काढली नाही. मला कळलं.

घरात सुतक आलं. देव पेटीत बसले, दिवा नाही, पूजा नाही, तीर्थ नाही. मग माझं पाणी तरी कुठलं? वैशाखाचं ऊन होतं. काळ्या मातीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या. पायाखालची जमीन मला दिवसागणिक सोडत होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, सुतक फिटलं की समीक्षा येईल.

सुतक फिटलं. समीक्षा खरंच तांब्या घेऊन आलीही. पण निवाऱ्यात विमलताई बसल्या होत्या. त्यांनी तिचा हात धरला.

"थांब वं. हे चंदाबाईचं व्रत होतं ना? गेलेल्या माणसाचं अर्धं राह्यलेलं व्रत असं उचलू नाही. आधी उद्यापन करा, पाच सवाष्णी जेवू घाला, मंग पुढचं पाहा. नाहीतं तिचा जीव यातच गुतून रायते."

"सुनील तेरवी करून खाणीवर परत गेला. तो आल्याबिगर उद्यापन कसं करू ताई?"

"येईन ना तो. तोवर तू याले हात लावू नको."

विमलताई मायेनेच बोलल्या. समीक्षाने मान हलवली आणि तांब्या तसाच भरलेला घरी नेला. मित्रांनो, ते पाणी माझ्यापासून एका हातावर होतं. मला जीभ असती तर मी तेवढंच एक वाक्य बोललो असतो.

काही दिवसांनी माझा दिवा लाल झाला.

समीक्षाने वायर काढली, पुन्हा जोडली, माझं तोंड पदराने पुसलं, हात जोडले. मग माझ्या अंगावर लिहिलेल्या नंबरावर फोन लावला. तिकडून गोड आवाज आला की तक्रार नोंदवली आहे. बऱ्याच दिवसांनी एक दुरुस्तीवाला आला. त्याने माझं पोट उघडलं, तारा तपासल्या, आतला एक भाग बदलला. मग त्याची नजर माझ्या पायाशी गेली. झाकणावर हळद-कुंकवाचे जुने थर होते, रांगोळीचे पुसट ठसे होते. त्याने चटकन चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि ती जागा चुकवून पलीकडून फिरला. त्याला वाटलं, इथे कोणाचा तरी देव आहे. देवाच्या जागेवरचं झाकण कोण उचलणार?

"वरच्या लायनीतच काही दोष असन," तो म्हणाला. "कळवतो." आणि गेला.

समीक्षा आता गाडी भरायला दारव्ह्याला जाऊ लागली. जाण्यायेण्यातच निम्मी वीज संपायची. तिथेही दुसऱ्या गाड्यांमागे उभं राहावं लागे. लग्नाच्या बाया तिची वाट पाहून जीपमध्ये बसू लागल्या. किसनराव आता थट्टा करत नव्हते. एकदा म्हणाले, "सूनबाई, तुह्या बाया माह्या जीपमंधी बसून राह्यल्या. मले गोड नाही लागत."

"बसू द्या काका. त्यायचा काय दोष."

एके दिवशी वाटेतच रिक्षाची वीज संपली. किसनरावांनी ती जीपला दोर बांधून फाट्यापर्यंत ओढत आणली. त्यानंतर ती माझ्यासमोर उभीच राहिली. काचेवर धूळ बसली, स्वस्तिक दिसेनासं झालं.

मग विमलताई आल्या. सोबत शेजारच्या गावची एक बाई होती. विमलताईंना वर बघवत नव्हतं. "समीक्षा, मी दोन बैठका थांबवलं. आता नाही थांबवता येत."

समीक्षाने कमरेची चावी सोडून दिली. सीटखालचा पाण्याचा डबा काढून घेतला. त्या नव्या बाईला म्हणाली, "वळनावर डावीकडे जराशी ओढते ती. सांभाळून घेजा." एवढंच.

रिक्षा टेम्पोवर चढवून नेली. माझा लाल दिवा सगळं पाहत होता.

त्याच पंधरवड्यात, पाऊस यायच्या आधीच, सुनीलला सुटी मिळाली आणि उद्यापन झालं. पाच सवाष्णी डोक्यावर कळशा घेऊन वाजतगाजत नाही, गुपचूप फाट्यावर आल्या. झाकण धुतलं, नवी हळद लावली, आणि एकेकीने आपली कळशी माझ्या पायाशी रिकामी केली. ती तहानलेली माती पाणी पिताना आवाज करत होती. पाचवी कळशी संपली, बायका आरतीला उभ्या राहिल्या, आणि आरती म्हणत असतानाच माझा दिवा हिरवा झाला.

"पावलं वं माय, चंदाबाईचं व्रत पावलं," विमलताई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. सगळ्यांनी हात जोडले.

समीक्षाने जोडले नाहीत. ती त्या हिरव्या दिव्याकडे पाहत राहिली, मग ओल्या झाकणाकडे. निवाऱ्यात जाऊन तिने किसनरावांकडून खांब बसवणाऱ्या मोईनचा नंबर घेतला आणि त्याला फोन लावला.

"भाऊ, पानी टाकलं आन् खांब चालू झाला. असं काहून झालं?"

मोईनचा आवाज मला ऐकू येत नव्हता. तिचाच ऐकू येत होता.

"हो... हो, आई रोज टाकत होत्या... तुमी सांगतलं होतं?" मग हळूच, "नाही भाऊ. मले वाटलं, देवाचं आहे."

फोन ठेवून ती चंदाबाईंच्या रिकाम्या जागेवर बसली, जिथे पेरूची टोपली असायची. किसनराव लांबून पाहत होते. ते जवळ आले नाहीत, त्यांनी जीपही सुरू केली नाही.

आता समीक्षा दारव्ह्याला एका कापड दुकानात कामाला जाते. सकाळी जीप यायच्या आधी तांब्या घेऊन येते, झाकण झाडते, पाणी ओतते. घास घेत नाही तोवर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, लहान मुलांनासुद्धा, थांबवून सांगते, "हे पानी कायले टाकतो मालूम आहे का? जमीन ओली राहावी म्हणून टाकतो. मी नसलो तं तुमी टाकजा." चंदाबाईंचं व्रत मुकं होतं, हिचं बोलकं आहे.

परवा ती पाणी ओतत असताना एक हिरवी रिक्षा फाट्यावर वळली, जराशी डावीकडे ओढत. तीच होती. नव्या बाईला वायर नीट बसवता येईना, तेव्हा समीक्षाने सवयीने ती हातात घेतली आणि जोडली. मग पदराच्या टोकाने काचेवरची धूळ पुसली. धुळीखालून पिवळट स्वस्तिक वर आलं. तिने त्यावर क्षणभर तळवा ठेवला, आणि किसनरावांनी हॉर्न दिला तशी जीपमध्ये जाऊन बसली.

मित्रांनो, माझ्यासारखे खांब आता आणखी गावांत उभे राहतील. राहोत. पण त्यांच्या पायाशी ओल ठेवणारं कोणी आहे का, ते पाहा. आणि तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस रोज एखादा नेम न चुकता करत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि ते हे का करतं, ते विचारा. नेमाला का म्हणू नये म्हणतात, ते असू द्या. तुम्ही प्रेमाने विचारलंत तर देव रागावणार नाही. ते माणूस आहे तोवर विचारा.

माझा दिवा आता हिरवा असतो. दूरच्या वळणावरूनही दिसतो. जीपच्या मागच्या खिडकीतून समीक्षा तो वळण येईपर्यंत पाहत असते.