शिवणीतलं जादा कापड

मी शिंपी. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नजरेनेच त्याचं माप सांगतो, पण घरात आंधळा निघालो. दर दोन महिन्यांनी बायकोचा ड्रेस कमरेत आत घ्यायचो आणि वर थट्टा करायचो, ‘पुन्हा लग्नाला उभी राहणार आहेस की काय?’ तीही हसायची.

डॉक्टरांनी विचारलं, “वजन कधीपासून उतरतंय?” मी मापांची वही पुढे केली. तारखेनिशी सगळं होतं: चौतीस, बत्तीस, तीस. तपासण्या झाल्यावर ते म्हणाले, “पोटातली एक पेशी बिघडली. ती वाढतच गेली, यकृतापर्यंत पोचली. आता ऑपरेशन नाही, फक्त केमो.”

चार केमो झाल्या. केस गेले, पाणीसुद्धा पोटात ठरेना.

काल तिने तोच ड्रेस पुढे केला. “अहो, शिवणीतलं जादा कापड कापून टाका. हाडांना टोचतंय.”

ते मी मुद्दाम ठेवलं होतं. अंग भरलं की शिवण उसवून ड्रेस सैल करता येतो.

“बरी झालीस की लागेल ना,” मी म्हणालो. जन्मभर कापड कापणारा माझा हात जागचा हलेना.

तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली.