विरजणाचा आकडा

माझ्या शिक्क्याचा नंबर अकरा. सव्वीस वर्षं तो माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि त्या खणाची किल्ली माझ्या गळ्यात. कारखान्यातल्या निम्म्या लोकांना माझं नावच ठाऊक नाही, ते मला 'अकरा नंबर' म्हणतात, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही. वाईट वाटलं ते त्या सोमवारी, व्यवस्थापकांनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा. 'तपासणी न करता मी नळ्यांच्या डब्यांवर शिक्का मारला. ही माझ्याकडून झालेली नजरचूक आहे.' खाली सहीसाठी टिंबं. नजरचूक माझी आणि शब्द त्यांचे.

"सही करा बाई, विषय मिटेल," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी लिफ्टवाले येताहेत. त्यांना काहीतरी दाखवायला हवं."

"मग खरं काय ते दाखवा."

"खरं काय ते मॉडेलने दाखवलंय. नळीत दोष नाही. मग उरलं काय? तपासणी."

मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला आणि चालू लागले. सव्वीस वर्षांत न तपासता एकही शिक्का मारलेला नाही मी. ताप असताना नाही, आई गेली त्या आठवड्यातही नाही.

आमची नळी करंगळीच्या पेराएवढी. काचेची, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, आत वायू. एरवी ती काही करत नाही, नुसती बसून असते. कुठे वीज कोसळून तारेत भलताच दाब आला, की तिच्यातला वायू पेटतो आणि तो सगळा दाब नळीतून जमिनीत उतरतो. मागचं यंत्र वाचतं. सहाशे व्होल्टच्या आसपास ती पेटलीच पाहिजे. त्यानंतर पेटली तर वरातीमागून घोडं.

मागच्या महिन्यात वादळ झालं आणि तीन इमारतींतल्या लिफ्टचे पॅनेल जळाले. एका लिफ्टमध्ये एक बाई आणि तिचे म्हातारे वडील दोन मजल्यांच्या मध्ये चार तास अडकले. त्या बाईने लिहिलेलं पत्र मी वाचलं. दुसऱ्या तासानंतर वडिलांनी बोलणं बंद केलं आणि ते अजूनही फार बोलत नाहीत, असं तिने लिहिलं होतं. तिन्ही पॅनेलांत नळ्या आमच्या होत्या आणि त्यांच्या डब्यांवर शिक्का अकरा नंबरचा.

आणि ज्या मॉडेलच्या जिवावर व्यवस्थापक मला खोटं पाडत होते ते माझ्या सख्ख्या भाचीचं. आपलेच दात, आपलेच ओठ.

घरी ती ठकी. कारखान्यात डॉक्टरबाई, कारण तिने या विषयात डॉक्टरेट केली आहे. पहिल्या महिन्यात दोघंतिघं तिच्याकडे गुडघेदुखी घेऊन गेले होते. तिची मुलाखत घ्या म्हणून व्यवस्थापकांच्या मागे मीच लागले होते. तिचं काम असं, की खरी नळी घ्यायचीच नाही. कॉम्प्युटरमध्ये नळीच्या जागी एक रोध, एक कपॅसिटर आणि चार समीकरणं मांडायची, त्यांना वीज द्यायची आणि नळी कधी पेटते ते बघायचं. हजार नळ्या जाळून जे कळेल ते ती खुर्चीत बसून सांगते. मला त्याचा अभिमान होता. आहेही.

पहिल्या वर्षी एकदा ती जेवणाच्या सुट्टीत रडकुंडीला येऊन माझ्या टेबलाशी बसली. म्हणाली, "मावशी, माझी नळी पेटतच नाही गं. एक सुटा इलेक्ट्रॉन धावतो, दुसऱ्याला धक्का देतो, दोनाचे चार होतात, चाराचे आठ. सगळं बरोबर मांडलंय. पण सुरुवातीला एकही सुटा नाही, आणि शून्याची दुप्पट शून्यच."

मी घास गिळला आणि म्हटलं, "विरजण घातलंस का? दूध कितीही चांगलं असलं तरी चमचाभर विरजणाशिवाय दही लागायचं नाही."

ती हसत सुटली. वर गेली, मॉडेलच्या पहिल्या ओळीत एक आकडा घातला, की सुरुवातीलाच इतके इतके इलेक्ट्रॉन सुटे आहेत असं धरा. नळी झकास पेटली. त्या ओळीपुढे तिने लिहून ठेवलं, 'विरजण'. तेव्हापासून वरच्या मजल्यावर सगळे त्या आकड्याला विरजणच म्हणतात. माझा शब्द कॉम्प्युटरात गेला म्हणून मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरले होते.

जुन्या नळीत आतल्या काचेवर एक बारीक काळी रेघ असायची, पेन्सिलीच्या शिशाने ओढल्यासारखी. ती ओढायला वेगळं यंत्र लागायचं आणि वेगळा माणूस. गेल्या वर्षी व्यवस्थापकांनी विचारलं, ही रेघ कशाला? कुणालाच सांगता येईना. ज्यांनी ती सुरू केली ते कधीच निवृत्त झाले होते. मग मॉडेलला विचारलं. मॉडेल म्हणालं, रेघ असो नसो, नळी सहाशेलाच पेटते. झालं, रेघ गेली.

त्यानंतर माझ्या टेबलावर एक गंमत सुरू झाली. आमचा तपासणीचा नियम मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासूनचा आहे: नळीला विजेचे ठोके द्यायचे, पहिला ठोका सोडून द्यायचा, दुसऱ्यापासून मोजायचं. पहिला नळीला जागं करायला. रेघ होती तोवर पहिला आणि दुसरा सारखेच यायचे, त्यामुळे नियमाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रेघ गेली आणि पहिला अधूनमधून रेंगाळायला लागला. विशेषतः सोमवारी सकाळी, सुट्टीचे दोन दिवस बंद खणात पडलेल्या नळ्यांचा. दुसरा मात्र बरोबर. नियमाप्रमाणे नळी पास. मी शिक्का मारायचे आणि रजिस्टरच्या समासात लिहायचे, 'पहिला उशिरा'. असं एकोणीस वेळा लिहिलं. त्यावर व्यवस्थापकांचं उत्तर एकदाच आलं: समासात लिहू नका, ऑडिटला घाण दिसतं.

त्याच सोमवारी संध्याकाळी ठकी मला जिन्यात गाठून म्हणाली, "मावशी, करून टाक ना सही. तुझ्या खुर्चीला धक्का लागणार नाही असं त्यांनी मला सांगितलंय."

"कसली खुर्ची? दिवसभर उभी असते मी."

"चेष्टा नको. लिफ्टवाले हातचे गेले तर आपला अख्खा विभाग बंद होईल."

"म्हणून मी खोटारडी ठरायचं? तुझ्या आईला सांग, बहिणीने सव्वीस वर्षं डोळे मिटून शिक्के मारले. बघ तिला पटतं का."

"मग मी काय करू?" तिचाही आवाज चढला. "मॉडेल मी हजार वेळा चालवलंय. एकदाही नळी उशिरा पेटली नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

हजारातल्या हजार वेळा वेळेवर येणारं काही मला या जन्मात भेटलेलं नाही. कारखान्याची बससुद्धा नाही. मी एक पायरी खाली उतरले.

"विरजण किती घालतेस?"

"ठरलेलं आहे."

"दर वेळी तेवढंच?"

"दर वेळी तेवढंच."

"आणि लिफ्टच्या बंद पेटीत, अंधारात, सहा महिने पडलेल्या नळीत ते कोण घालतं?"

ती म्हणाली, "मला काम आहे," आणि वर निघून गेली. लहानपणापासून तिची ही खोड आहे. पत्त्यांत हरायला लागली की तिला तहान लागायची.

मी टेबलाशी परत आले. रेघ नसलेल्या दहा नळ्या घेतल्या, काळ्या फडक्यात गुंडाळल्या, पत्र्याच्या डब्यात घातल्या आणि डबा खणात ठेवून किल्ली फिरवली. आठवडाभर तो खण उघडला नाही. शिक्का त्याआधीच एप्रनच्या खिशात घेतला होता. आठवडाभर ठकीही फिरकली नाही. तिच्या आईचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. मला राग आला होता आणि तो मला वाटून टाकायचा नव्हता.

पुढच्या सोमवारी लिफ्टवाले आले. एकटेच होते, किडकिडीत, काखेत फाइल. पडद्यावर व्यवस्थापकांनी ठकीची निळी रेषा दाखवली. रेषा वर चढते, सहाशेला पोचते आणि धप्पकन खाली येते. म्हणजे नळी पेटली. "बघा, शंकेला जागाच नाही," व्यवस्थापक म्हणाले. "दुर्दैवाने तपासणीत मानवी चूक झाली. संबंधित बाई इथेच आहेत."

संबंधित बाई उठून उभी राहिली. मी म्हटलं, "मला एकच आकडा बदलून हवा आहे. पहिल्या ओळीतला. विरजण काढा आणि चालवा."

"मॉडेलमध्ये लुडबुड करायची ही वेळ नाही, बाई."

मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. ठकी कीबोर्डवर हात ठेवून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. समोर पाण्याचा ग्लास होता, तिने तो उचलला, तसाच खाली ठेवला आणि आकडा पुसून शून्य दाबलं.

निळी रेषा चढायला लागली. सहाशे, हजार, दोन हजार. पडद्याच्या वरच्या कडेतून ती बाहेर गेली आणि परत आली नाही.

"हे काय आहे?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"ही विरजणाशिवायची नळी," ठकी म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द स्वच्छ. "म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनशिवायची. अंधारात बराच काळ पडून राहिलेल्या नळीत ते जवळजवळ नसतात. एखादा येईपर्यंत ती वाट बघते, तोवर इकडे दाब चढत राहतो. ती काळी रेघ त्यासाठीच होती, दाब आला की तिच्यातून ते सुटायचे. माझ्या मॉडेलमध्ये ते मी हाताने घातले होते. म्हणून मॉडेलला रेघेची गरजच वाटली नाही."

"ही सगळी पुस्तकातली चर्चा झाली," व्यवस्थापक म्हणाले.

"मग टेबलाशी चला," मी म्हटलं.

खोलीतले दिवे मालवले, खण उघडला, चाचपडत फडकं सोडलं आणि पहिली नळी पकडीत बसवली. बटण लिफ्टवाल्यांना दाबायला दिलं. पहिला ठोका चौदाशे पन्नासला. दुसरा सहाशे दहाला. दुसरी नळी, पहिला तेराशे ऐंशी, दुसरा सहाशे वीस. दहापैकी सात नळ्या तशाच निघाल्या. दिवे लावले तेव्हा लिफ्टवाले घाम पुसत होते.

"तुम्ही यातला कुठला ठोका मोजता?" त्यांनी मला विचारलं.

"दुसरा. तसं नियमात लिहिलंय."

"आमच्या लिफ्टला पहिला सोडून द्यायची सोय नसते, बाई."

हे वाक्य मी आठवडाभर घोकत होते, व्यवस्थापकांच्या तोंडावर मारायला. ते माझ्याच तोंडावर बसलं.

व्यवस्थापकांनी घसा साफ केला. खिशातून तोच माझ्या नजरचुकीचा कागद काढला, उलटा केला आणि कोरी बाजू ठकीपुढे ठेवली. "म्हणजे चूक मॉडेलची आहे. डॉक्टरबाई, तुम्ही तसं लिहून द्या. विषय मिटेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी ऐकलं होतं. एकाच कागदाच्या दोन बाजूंवर दोन संन्यासी बसवलेले त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. रेघ काढून टाकायचा हुकूम यांचा, समास बंद करायचा हुकूम यांचा, आणि सही कुणाची तर मावशी नाहीतर भाची. माझं डोकं असं सणकलं, की मी तो कागद फाडायला हातच पुढे केला.

ठकीने माझा हात बाजूला सारला आणि पेन काढलं. तिने लिहिलं: 'विरजणाचा आकडा मी घातला आणि नंतर कधी तपासला नाही. त्या मॉडेलच्या आधारे रेघ काढून टाकण्याचा हुकूम व्यवस्थापकांनी दिला. पहिला ठोका उशिरा येतो हे तपासनीस क्रमांक अकरा यांनी समासात एकोणीस वेळा लिहिलं. ते आमच्यापैकी कुणीही वाचलं नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद व्यवस्थापकांकडे दिला.

"याच्यावर मी सही करणार नाही," ते म्हणाले.

तिने कागद परत घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. "मावशी, तपासून बघ."

मी चष्मा लावला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्या वाचनात त्यात काय कमी आहे ते दिसलं. तिचंच पेन घेऊन मी खाली एक ओळ लिहिली: 'पहिला ठोका मी रोज सोडून दिला. नियम चुकतोय हे कळल्यावरही फक्त समासातच लिहिलं.' मग खिशातून शिक्का काढला, शाई लावली आणि दोन्ही मजकुरांच्या खाली मारला. अकरा.

लिफ्टवाल्यांनी कागद उचलून फुंकर घातली, शाई वाळू दिली. फाइल उघडली. लिफ्टमध्ये अडकलेल्या त्या बाईचं पत्र वरच होतं, त्यावर त्यांनी तो ठेवला.

"त्यावर माझी सही नाही, हे लक्षात घ्या," व्यवस्थापक म्हणाले. "त्या कागदाला काही अर्थ नाही."

लिफ्टवाल्यांनी फाइलचा बंद बांधला. "शिक्का आहे ना," ते म्हणाले.